जरा टोचेल हं

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. मी एक जुना रबरी रुग्ण आहे. परिचारिका होणाऱ्या मुलींना सराव करता यावा म्हणून मला घडवले गेले. पोटात एक बटण बसवले. ते दाबले की मी ओरडतो, "आई गं, दुखतंय!"

मुली मला टोचत, उलटापालटा करत आणि मी ओरडलो की खिदळत. शिकवणाऱ्या बाई मात्र भारी कडक. सुई टोचण्याआधी "आता जरा टोचेल हं" असे मलाही सांगायचे, हा त्यांचा नियम. बडबडी म्हणून एक मुलगी होती. ती एकदा म्हणालीच, "बाई, याला काय कळतंय? रबरच तर आहे!"

"त्याला कळतं की नाही, मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडाला सवय लागू दे."

त्या दिवसापासून मला चैन पडेना. मी ओरडतो तेव्हा आत कोणाला खरेच दुखते, की नुसते बटण बोलते? मी पुष्कळ शोधले. आत कोणी सापडले नाही. पण मग शोधत कोण होते?

वर्षे सरली. डोळे मिचकावणारे नवे रबरी रुग्ण आले आणि माझी रवानगी रुग्णालयाच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या बाकावर झाली. एके दुपारी शेजारच्या खाटेवर बाईंनाच आणले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हात हलेना, जीभ उचलेना, नजर छताला खिळलेली.

बडबडी आता तिथली मुख्य परिचारिका होती. "यांना काही कळत नाही गं," ती सोबतिणीला म्हणाली आणि मुकाट्याने सुई टोचली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. "डोळे असेच गळतात," म्हणत तिने ते पुसले. रोज हेच चाले. ओरडता येत होते ते मला, आणि दुखत असेल तर बाईंना! माझा जीव नुसता कासावीस होई.

एकदा सुई भरून वळताना तिचे कोपर माझ्या पोटावर दाबले गेले.

"आई गं, दुखतंय!"

ती जागच्या जागी थिजली. बाईंच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिली. मग तिला मी दिसलो.

"अगं बाई, हा होय! जीवच गेला माझा," ती हसली. पण ते हसू टिकले नाही. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि बाईंच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, आता जरा टोचेल हं."

त्यानंतर ती रोज सांगे, अगदी बाई जाईपर्यंत. बाईंची नजर एकदाही हलली नाही.

आता माझे बटणही बिघडले आहे. कितीही दाबा, मी गप्प. मित्रांनो, मला दुखते का, हे विचारू नका. गप्प पडलेल्याला टोचण्याआधी एवढे सांगत मात्र जा. आत कोणी असेलच, तर ते ऐकत असेल.