पेपर सुटेस्तोवर

सुलोचनाबाई चौथ्या खोलीच्या दारात उभ्या राहून पुरवण्या बांधायच्या दोऱ्याचे तुकडे दातांनी तोडत होत्या. तेवढ्यात शिपाई रामाजी व्हरांड्यातून जवळजवळ पळत आला आणि त्यांच्याजवळ येताच एकदम हळू झाला.

"काय झालं, रामाजी?"

"जरा बाहेर या, बाई. मांडवखेडीचा माणूस आला आहे. नलूचा मामा."

शेजारच्या खोलीतल्या मास्तरांना लक्ष ठेवायची खूण करून बाई निघाल्या. हातातला दोरा ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही. कोपऱ्यावरच्या खोलीवरून जाताना त्यांनी मान वळवली नाही. त्या खोलीत नलू बसली होती. मुलगी आपल्याच घरी राहते, तेव्हा तिच्या खोलीवर आपल्याला नेमू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बंडी उभी होती. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. नलूचा मामा तानबा जुवाला टेकून उभा होता. बाईंना पाहताच त्याने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"गेली, बाई. पहाटेच."

नलूची आई कौशल्याबाई होळीपासून काविळीने अंथरुणाला खिळली होती, हे बाईंना ठाऊक होतं. अजून धडधाकट होती तेव्हा, माघात, ती स्वतः पोरीचं गाठोडं घेऊन सेलूला बाईंच्या दारात आली होती. "घरी राह्यली तं चूल इच्याच गळ्यात पडंल, बाई. पेपर होईस्तोवर तुमच्यापाशी ठेवा," म्हणाली होती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी सुरू झाल्याला फार वर्षं झाली नव्हती. मांडवखेडीची एकही मुलगी तोवर बोर्डाच्या परीक्षेला बसलेली नव्हती. घरातल्या घरात कौशल्याबाई त्यासाठी नवऱ्याशी, डोमाजीशी, किती भांडली असेल, ते तिने कधी सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

"डोमाजीनं सांगून धाडलं, पोरीले घेऊन येजो," तानबा म्हणाला. "पोरगी आल्याबिगर उचलत नाई मनते."

"पेपर सुरू आहे, तानबा."

"थे समजते मले. पण ऊन पाहून राह्यल्या ना? काविळीचं शरीर. ठेवता येत नाई जास्त येळ."

"हा शेवटचाच पेपर आहे. गणिताचा. आता उठवली तर पुन्हा बसता येणार नाही तिला. सगळं वर्ष जाईल." बाईंचा आवाज त्यांच्या नकळत वर्गातल्यासारखा झाला होता. त्यांनी तो खाली आणला. "आणि वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी तिला कोण बसवणार आहे? सांगा."

तानबाने दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुसता पुसता तो तसाच तोंडावर धरून ठेवला. त्याची थोरली बहीण होती ती.

"तुमी शिकले-सवरले लोक," तो शेवटी म्हणाला. "तुमी मनता तं थांबतो."

बाई केंद्रप्रमुख पुंडलिकरावांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मुलीला सोडायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "एकदा बाहेर गेली की परत आत घेता येणार नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, बाई. तुमच्याकडे राहते ती."

बाई व्हरांड्यात आल्या. सांगायचं नाही हे ठरलेलंच होतं, तरी त्या कोपऱ्यावरच्या खोलीपाशी थांबल्या. नलू खिडकीजवळच्या बाकावर होती. वेणी पुढे घेतलेली, मान खाली, पेन चाललेलं. बाई पाहत होत्या तेवढ्यात तिने हात वर केला. पुरवणी हवी होती. वर्गावरच्या बाईंनी आणून दिली. नलूने ती उघडली आणि लगेच लिहू लागली.

गणिताला पुरवणी घेणारी मुलगी शाळेत क्वचितच निघायची. सुलोचनाबाईंना हायसं वाटलं. वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. लिहिते आहे, लिहू दे, असं मनाशी म्हणत त्या आपल्या खोलीकडे वळल्या.

मग घंटा होईपर्यंत त्या शब्द जुळवत राहिल्या. आधी घरी न्यायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं. की वाटेतच सांगायचं? आई फार आजारी आहे म्हणायचं आणि बाकीचं तिचं तिला कळू द्यायचं? एका मुलाने दोनदा पुरवणी मागितली तरी त्यांना ऐकू आलं नाही.

पेपर सुटला. शेवटच्या पेपरचा गोंगाट व्हरांडाभर झाला. मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, मुली उत्तरं ताडून पाहत होत्या. नलू सगळ्यांच्या मागून आली. बोटांना शाई लागलेली. बाई पुढे झाल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जुळवलेल्या शब्दांतला पहिला शब्द शोधू लागल्या.

"बंडी फाटकाजवळच आहे का, बाई?" नलूने विचारलं.

बाईंचा हात तसाच राहिला.

नलू पुढे चालू लागली. फाटकापाशी तानबाला पाहून ती थांबली नाही. त्याने काही बोलायच्या आधीच चाकावर पाय देऊन ती बंडीत चढली आणि कडेला बसली. बाई तशाच, अंगावरच्या साडीनिशी, तिच्या शेजारी चढल्या. तानबाने बैल हाकले.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचणी होऊन गेलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या.

"तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"घंट्या ऐकल्या बैलाच्या. मामाचे बैल होये, मी वळखते." नलू रस्त्याकडे पाहत होती. "इतक्या उन्हात मामा बैल जुपत नाई कधी."

"मग उठली का नाहीस? बाहेर आली असतीस, मी..."

"उठली असती तं तुमी सांगतलं असतं." नलूने ओढणीने बोटांवरची शाई पुसायला घेतली. ती निघेना. "बसून होती तोवर मले कोनं काईच सांगतलं नव्हतं."

चाक खड्ड्यातून गेलं. बाईंनी बंडीची फळी धरली.

"आणि पुरवणी?"

"पेन थांबला असता तं झाला समजून पेपर घेतला असता बाईनं. बाहेर धाडलं असतं."

"मग लिहिलंस काय त्यात?"

"पहिल्या पानावरचं प्रमेय. तेच. संपलं की फिरून तेच."

पुढे बसलेल्या तानबाची पाठ हलली. पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. बाईंनी नलूच्या पाठीवर ठेवायला हात उचलला. तो मधेच अडखळला आणि पुन्हा फळीवर गेला. फाटकावर तानबाशी बोललेलं सगळं त्यांना आठवत होतं, शब्दन् शब्द. ज्या पेपरसाठी त्याला थांबवलं, तो तर बैलांच्या घंटा वाजल्या तेव्हाच हातचा गेला होता.

मांडवखेडीत अंगणभर माणसं होती. बंडी दिसताच बायकांचा आक्रोश उठला. छपरीच्या सावलीत कौशल्याबाईला निजवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळ कुंकवाने भरलेलं. अंगाखालची जमीन पाणी शिंपून शिंपून चिखल झाली होती. तिरडी बांधून भिंतीला लावलेली होती. उन्हात थांबून कंटाळलेले लोक बाईंकडे पाहत होते, आणि ते पाहणं बरं नव्हतं.

डोमाजी उठून पुढे आला. मुलीकडे त्याने पाहिलं नाही, पाहवलं नसावं. तो बाईंसमोर उभा राहिला.

"झाला पेपर?"

"झाला," बाई म्हणाल्या. "मीच थांबवलं, डोमाजी. तानबाचा दोष नाही."

"समजलो मी. बंडी लवकर आली नाई तवाच समजलो." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "हे लोक बोलून राह्यले होते. मी म्हटलं, बसू द्या पोरीले. रातीच सांगून ठेवलं होतं हिनं, काई झालं तरी नलूले पेपरातून उठवजा नोको. पण सकाळी माह्याच्यानं राहवलं नाई. धाडली बंडी. चुकलंच माह्यं. तुमी होत्या म्हून निभलं."

बाईंनी मान खाली घातली.

"कसा गेला, बाई?" डोमाजीने विचारलं. अंगणातला आवाज थोडा खाली आला. "गणिताचाच धाक होता हिले. तीन दिवसांपासून तेच इचारत होती."

बाईंनी तोंड उघडलं.

नलू त्यांच्या बाजूने पुढे गेली. आईजवळ चिखलातच गुडघे टेकून बसली. कपाळावर आलेली केसांची बट तिने शाईच्या बोटांनी मागे केली, लुगड्याचा पदर नीट केला आणि कानाजवळ वाकली.

"चांगला गेला, माय," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, अंगणभर ऐकू गेला. "समदे गणितं सुटले."

बायकांतून कोणीतरी मोठ्याने रडलं. नलू तशीच वाकून राहिली.

डोमाजीने दोनदा मान हलवली. मग तो भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसांकडे वळला.

"हं," तो म्हणाला. "उचला आता."