नऊ हजारांची जोडी, चार हजारांना

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय ते मनापासून वाचताय की गृहपाठ उरकायचा म्हणून, याचीसुद्धा मला खात्री नाही. राग मानू नका. माझा जन्मच संशयात झाला.

कारखान्यात काचेचे आणि कार्बनचे बारीक धागे चिकट रसायनात भिजवून, साच्यावर गुंडाळून, भट्टीत भाजून मला घडवलं. बुचाची मूठ बसवली, अंगावर आठ कड्या बांधल्या. एवढं देखणं रूप मिळालं म्हणून मी खुशीत होते. तोच तपासणीच्या टेबलावरच्या बाईने माझ्या टोकाला वजन अडकवून मला कमानीसारखं वाकवलं. मी मोडले नाही. तरी तिने मला पुन्हा वाकवलं. "एकदा काय, सगळ्याच वाकतात," ती शेजारणीला म्हणाली, "दुसऱ्यांदा टिकली तर खरी." त्या दिवसापासून मीही कुणाकडे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय काही खरं मानत नाही.

तिथून मी पुलाजवळच्या एका दुकानात आले. दुकान एका बाईंचं होतं. गळ, गळाची दोरी म्हणजे तंगूस, रबरी गांडुळं, काठ्या आणि तंगूस गुंडाळायची रिळं असा सगळा माल त्यांच्याकडे असे. इथे मला कळलं की संशयी काही मी एकटीच नाही. गिऱ्हाईक आठशेची काठी उचलायचं आणि म्हणायचं, "एवढी स्वस्त? फुसकी असणार." तीस हजारांची उचलायचं आणि म्हणायचं, "एवढी महाग? नुसत्या नावाचे पैसे." मी मधल्या किमतीची. मला उचलून म्हणायचं, "ही ना धड इकडची, ना धड तिकडची." माझ्या शेजारी माझ्या जोडीचं रीळ ठेवलेलं असे. त्याची किंमत माझ्याहून जास्त होती. का, ते मला तेव्हा पटलं नव्हतं. मी वाकायचं, मी ताण सोसायचा, आणि जास्त भाव कुणाला, तर गोल गोल फिरणाऱ्याला!

एके दिवशी दुकानात दोघे जण आले. एक होते घड्याळजी. वर्षानुवर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांचे डोळे थकले होते. रोज थोडा वेळ तरी लांब बघत जा, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. दुसरा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो बेकरीत भट्टीवर काम करी आणि सुट्टीच्या दिवशी धरणाच्या तळ्यावर मासे धरी. भावोजींना आपल्याबरोबर न्यायचं त्याने मनावर घेतलं होतं.

"किती घालवायचे यात?" घड्याळजींनी दारातच विचारलं. "मी चार हजार ठरवलेत. वर एक दमडी नाही."

"भावोजी, पहिल्यांदाच घेताय, तर तीस हजारांची काहीच गरज नाही," मेहुणा म्हणाला. "पण आठशेचीही नको. ती दोन महिन्यांत मोडेल आणि तुम्ही म्हणाल, मासेमारीच वाईट. मधली घ्या. आणि रिळाला हात आखडू नका. काठी आपल्या चुका सांभाळून घेते, रीळ घेत नाही. बास मासा एकदा पळत सुटला की सगळी मदार रिळावर."

बाईंनी आमची जोडी पुढे ठेवली. "नऊ हजार."

घड्याळजींनी मला असं खाली ठेवलं की जणू मी तापलेली सळई आहे. "चल रे," ते मेहुण्याला म्हणाले. "इथे खिसा कापतात."

दुसऱ्या दिवशी मेहुणा एकटाच आला. अंगावर पीठ तसंच. तो बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलला. माझ्यापुढे कपाटाची कड आडवी येत होती, म्हणून मला दिसले ते फक्त दोघांचे हात आणि मधलं एक पाकीट. कुणी कुणाला दिलं ते नीट दिसलं नाही. पण दिसायची गरज काय? गिऱ्हाईक आणणारा माणूस दुसऱ्या दिवशी एकटा येतो आणि कुजबुजतो, तो आपली दलाली घ्यायलाच. तीही सौदा व्हायच्या आधी! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी रिळाला म्हटलं, "बघ, कुठेतरी पाणी मुरतंय." रीळ काही बोललं नाही. ते बोलत नाही म्हणून मला त्याचाही संशय आला.

तिसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले. बाई म्हणाल्या, "जुना साठा काढायचाय. चार हजारांत जोडी घेऊन जा." घड्याळजींनी नोटा मोजून दिल्या आणि वाटेत मेहुण्याला म्हणाले, "बघितलंस? जरा ताणून धरलं की दुकानदार सरळ येतो." मेहुणा नुसता हसला.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. बास मासा कसा असतो, ठाऊक आहे? तोंड मोठं, अंग हिरवट आणि स्वभाव थेट माझ्यासारखा. बुडालेल्या झाडाच्या आडोशाला बसून तो प्रत्येक घासाकडे आधी वाकड्या नजरेने बघतो. त्याला फसवायला फार धीर लागतो. घड्याळजींच्या हातात तो धीर होताच. त्यांनी पहिला मासा काढला तेव्हा मेहुण्याने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते पाण्यातच जायचे. घरी त्यांची बायको, जिला मेहुणा ताई म्हणे, मला कोरड्या फडक्याने पुसून भिंतीला उभी करी. मेहुणा गरम पाव घेऊन येई आणि तिघे हसत बसत. त्या घरात हसणं बरंच नवीन असावं, कारण शेजारीण एकदा डोकावून बघून गेली.

मग एका दुपारी घड्याळजींनी दुसऱ्या एका दुकानात आमच्यासारखीच जोडी पाहिली. किंमत नऊ हजार. तिसऱ्या दुकानात विचारलं, तिथेही नऊ. झालं! नऊ हजारांची वस्तू चार हजारांना कोण कशाला देईल? घरी आल्या आल्या त्यांनी रीळ माझ्या अंगावरून सोडवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळं उघडायच्या टेबलावर त्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. खोक्यावर लिहिलं होतं, सहा बेअरिंग. निघाली पाच. त्यांनी तीनदा मोजली. "नकली माल," ते म्हणाले. मी कोपऱ्यातून सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, मला तर आधीच माहीत होतं.

उघडलेलं यंत्र कोरडं मिटायचं नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी प्रत्येक चकतीवर घड्याळाचं उंची तेल एकेक थेंब सोडलं आणि रीळ पुन्हा जसंच्या तसं जुळवलं. मेहुण्याला मात्र ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. मनातली शंका त्यांनी मनातच वाढू दिली.

पुढच्या सुट्टीला तळ्यावर माझ्या टोकाला जो झटका बसला, तसा आधी कधीच बसला नव्हता. मासा मोठा होता. मी मुठीपर्यंत वाकले. तंगूस सरसर सुटू लागला.

"भावोजी, रिळाचा ब्रेक आवळा!" मेहुणा ओरडला.

"आवळलाय! पुरता आवळलाय!"

पण रीळ घसरत राहिलं. मासा बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत शिरला, तंगूस ताणला गेला आणि तुटला. मी सरळ झाले. इतकं वाईट मला मोडण्यानेही वाटलं नसतं.

"घसरणारच!" घड्याळजी कडाडले. "नकली माल गळ्यात मारलास माझ्या. किती सुटले तुला यात?"

"काय म्हणालात?"

"दलाली किती मिळाली, असं विचारलं."

मेहुण्याने आपला तंगूस गुंडाळला, पिशवी उचलली. "ताईला सांगा, मी आता येत नाही," एवढं बोलून तो बांधावरून निघून गेला. त्याने आरोप नाकारला नाही, म्हणजे चोर पकडला गेला, असं घड्याळजींना वाटलं. खरं सांगू? मलाही तेच वाटलं.

दोन वर्षं मी कपाटामागे उभी होते. माझ्या मुठीचं बूच किड्यांनी पोखरलं, कड्या गंजल्या. पण माझ्याहून वाईट दशा ताईची झाली. सख्ख्या भावाकडून ती आता गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहून पाव घ्यायची. "माझा भाऊ असा नाही," ती नवऱ्याला सांगायची. "मग बेअरिंग पाचच का निघाली?" ते विचारायचे.

मग एके दिवशी ती घरी आली ती पाव न घेताच. बेकरीच्या मालकाने दूरच्या गावी नवी बेकरी काढली होती आणि मेहुणा चार दिवसांत कायमचा तिकडे निघाला होता. ताई म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोला. नाहीतर मी एकटी त्याला पोचवायला जाईन आणि मग या घरात या विषयावर एक अक्षर बोलणार नाही. जन्मभर."

ती रडली असती तर घड्याळजींनी हातातलं काम सोडलं नसतं. पण ती रडत नव्हती. ते उठले, आम्हाला कपाटामागून काढलं आणि पुलाजवळच्या दुकानात गेले. बोलायच्या आधी त्यांना पुरावा हवा होता. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

"हे नकली आहे, कबूल करा," त्यांनी रीळ बाईंपुढे ठेवलं.

बाईंनी रीळ उघडलं, चकत्यांवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "यात तेल कुणी घातलं?"

"मी. चांगल्यातलं आहे."

"गाडीच्या ब्रेकला तेल घालता का हो तुम्ही? या रिळाच्या ब्रेकच्या चकत्या आहेत, कोरड्याच हव्यात. घसरणार नाही तर काय होईल!"

घड्याळजींनी रिळाकडे बोट दाखवलं. "आणि बेअरिंग? सहा लिहून पाचच दिलीत."

बाईंनी हँडलची मूठ फिरवून काढली. आत सहावं बेअरिंग चमकत होतं. तिथे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"मग चार हजारांना का दिलंत? माल अस्सल आहे तर चारला का?"

बाईंनी हँडलची मूठ परत बसवली. मग म्हणाल्या, "मी त्याला शब्द दिला होता. पण तो आता गाव सोडून चाललाय म्हणतात, आणि तुम्ही अजून इथे बेअरिंग मोजताय. पाच हजार तुमच्या मेहुण्याने भरलेत. आधीच येऊन, पाकिटात. म्हणाला, नऊ ऐकले तर भावोजी घरी बसतील आणि मी देतोय कळलं तर घेणार नाहीत. आणि त्यांचे डोळे वाचले पाहिजेत."

घड्याळजी स्टुलावर बसले. मला त्या पाकिटाची आठवण झाली, मित्रांनो. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. देणारा हात मी घेणारा समजले आणि अडीच वर्षं तेच खरं मानत राहिले. माणसांना जीभ असते, ते चुकीचं बोलून निदान सुधारू तरी शकतात. मी तर मनातल्या मनात एका भल्या माणसाला चोर ठरवून बसले होते. मला माझी लाज वाटली.

बाईंनी चकत्या पुसून कोरड्या केल्या आणि पैसे घ्यायला नकार दिला. घड्याळजी तिथून तडक बेकरीच्या मागच्या दाराशी गेले. मेहुणा पोती मोजत होता.

"तेव्हा बोलला का नाहीस?" त्यांनी विचारलं.

मेहुण्याने वर पाहिलं. "बोललो असतो तर तुम्ही पावती मागितली असती."

ते खरं होतं. घड्याळजी म्हणाले, "मागितली असती. चुकलो मी. फार चुकलो." आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मेहुण्याने हातांचं पीठ झटकलं, मला उचललं आणि माझी मूठ चाचपली. "काय दशा करून ठेवलीत हिची," तो म्हणाला. आवाज कठोर होता, पण हात मऊ होता.

निघायच्या दिवशी तो ताईच्या घरी जेवला. जाताना त्याने रीळ माझ्या अंगावरून सोडवलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. "हे माझ्याकडे राहील. भावोजी, तुमचा भरवसा नाही, परत उघडून तेल घालाल. काठी ठेवा. तिच्यात उघडण्यासारखं काही नाही."

तिघेही हसले. ताई हसता हसता दाराआड गेली.

तेव्हापासून मी एकटी भिंतीला उभी आहे. रिळाची किंमत माझ्याहून जास्त का, हे मला आता कळतं. त्याच्याशिवाय मी एक लांब छडी आहे, दुसरं काही नाही. मित्रांनो, तुमच्याकडची वस्तू कोरड्या फडक्याने पुसत जा आणि तेल कुठे घालायचं नि कुठे नाही, हे जाणत्याला विचारा. आणि एखाद्या माणसाची शंका आली तर त्याच्याशी बोला. आरोप करू नका, साधं विचारा. विचारायला काही पैसे पडत नाहीत.

उपदेश केला, पण माझा स्वभाव अजून गेलेला नाही. आज सकाळी ताईने मला स्वच्छ पुसलं, मुठीला नवं बूच लावलं आणि दाराजवळ आणून ठेवलं. एवढी सेवा कशासाठी? मला विकणार असतील, नाहीतर भंगारवाला येणार असेल. मी कान टवकारले. ताई फोनवर बोलत होती आणि घड्याळजी शेजारी टोपी घालून तयार उभे होते.

"हो रे, काठी पुसून ठेवली आहे," ती म्हणाली. "तू तेवढं रीळ विसरू नकोस."