उपकारावाचून जेवण

रहिमतपुरात मौलाभाई शिकलगार माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. पत्नी निवर्तली आणि एकुलती कन्या फिरदोस डेन्मार्कमधील वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून गेली, तेव्हापासून त्यांच्या जेवणाची काळजी आमची आळी वाहत असे. कधी माझी सून दीपमाला भाकरी पोचवी, कधी समोरच्या समीनाबी कालवण. ते भांडे मौलाभाई कधी रिकामे परत करीत नसत. परसातली लिंबे, निदान कढीपत्त्याची डहाळी तरी त्यात असेच. भांडे आणणारा घटकाभर ओट्यावर टेकल्यावाचून जात नसे.

गेल्या हिवाळ्यात फिरदोस रजेवर आली. वडिलांना तिकडे नेण्याची तिची फार इच्छा; परंतु त्या देशाच्या लेखी कुटुंब म्हणजे पतिपत्नी आणि लहान मुले. आईबाप त्यात बसत नाहीत. तिथल्या वृद्धाचा भार शासनच वाहते, ती मला समजावून सांगत होती. अन्न, औषध, स्नान सारे हक्काचे, त्यामुळे कुणापुढे मान लववावी लागत नाही. आपल्याकडे कायदाही म्हाताऱ्यांना मुलांच्याच स्वाधीन करतो. ती ताठ मान तिला वडिलांसाठी हवी होती. तिने दोन्ही वेळचा डबा लावला आणि घरोघर जाऊन नम्रपणे विनविले, की यापुढे कुणी कष्ट घेऊ नयेत. आळीने तिच्या शब्दाचा मान राखला.

ती परत गेल्यावर एका सायंकाळी मौलाभाई दाराशी उभे दिसले. जेवण झाले का, असे मी विचारले.

"झालं की. डबा लय चांगला असतोय, गुरुजी," ते म्हणाले. "पर आता कुणाच्यात काय धाडू? भांडंच येत न्हाई."

फिरदोसला कळवू या, असे मी सुचविले. त्यांनी नकार दिला. लेक तिकडे परक्या म्हाताऱ्यांना भरवते. बाप सुखात आहे, एवढे तरी समाधान तिला असावे.

तेवढ्यात तिचाच फोन आला. जेवणाची चौकशी झाली. मग आळीतले कोणी येऊन बसते का, असे तिने विचारले. मौलाभाईंनी फोन माझ्यापुढे केला.

"तुमीच सांगा. माझ्यानं खोटं बोलवंना."

"नाही, बाळ," मी म्हणालो. "तू सांगून गेलीस, तेव्हापासून कोणी येत नाही."

मग दीपमालावहिनींना भाकरी घेऊन यायला सांगा, असे ती दबल्या स्वरात म्हणाली. तिकडे दुपार होती. कुणा वृद्धाने घंटा वाजविली आणि तिला जावे लागले.

उद्या दीपमाला येईल, असे मी मौलाभाईंना सांगितले. त्यांनी मान डोलावली. माझ्या हातून घेतलेला तो मुका फोन मात्र त्यांनी कानाशीच धरला होता.