आभाराची मिस्सा

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते निभावायला लागते, आणि थोरलीकडे नेमकी तीच कमी होती. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीत तिची दांडी गुल झाली, तीही एक-दोन नाही, चांगल्या अकरा मार्कांनी. आणि घरी ती पास म्हणून सांगून बसली.

ठरवून केलं असंही नाही. निकाल हातात घेऊन ती कॉलेजच्या जिन्यात उभी होती, मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्या वेळी ते कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये होते.

"पास झालीस ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. सगळ्या विषयांत," ती म्हणाली. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, एवढाच तिचा हिशेब.

पण बाबांनी उद्याची वाट पाहिली नाही. पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने..." तिथंच, ग्रीसच्या हातांनी, त्यांनी देवाचे आभार मानून टाकले. वर सोबतच्या माणसालाही हात जोडायला लावलं. तो बिचारा कुठल्या धर्माचा होता कोण जाणे, पण त्यानंही जोडले. आता बाबांना दिलेला शब्द परत घेता आला असता. देवाला दिलेले आभार कसे परत घ्यायचे, हे थोरलीला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांचं आणि देवाचं असंच होतं, येता-जाता बोलणं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना क्रुसाची खूण, वर आल्यावर पुन्हा एकदा. "लोक लिफ्टमध्ये अडकले की आधी देवाला हाक मारतात, मग मला. क्रम बरोबर आहे," असं ते म्हणायचे. घरातही त्यांचा एक नियम होता. संध्याकाळी सातला रोझरीची जपमाळ झाली की कुणी काही मागायचं नाही. आधी प्रत्येकानं एकेका गोष्टीचे आभार मानायचे. धाकटा बहुतेक वेळा गणिताचे सर आले नाहीत म्हणून आभार मानायचा, आणि आई गुडघे टेकल्या टेकल्या त्याला चिमटा काढायची.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज थोरली आधी."

"परीक्षेत यश दिलंस म्हणून, प्रभू, तुझे आभार," थोरली म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याचंच तिला भय वाटलं. माणसांशी खोटं बोलणं तिला नवं नव्हतं. गुडघ्यावर बसून, हात जोडून, डोळे मिटून ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

पुढं ती फार जपून आभार मानू लागली. बस वेळेवर आली. डोकं दुखायचं थांबलं. खरं तेवढंच बोलायचं, म्हणजे निदान आणखी भर नको. पण तिचं झालं की बाबा हटकून पुस्ती जोडायचे, "आणि आमच्या लेकीच्या यशाबद्दल." सगळे "आमेन" म्हणायचे. तीही म्हणायची. न म्हणून सांगते कुणाला? फेरपरीक्षा दोन महिन्यांवर होती. तेव्हा पास झालं की सगळं मागच्या तारखेपासून खरं होईल, असं तिनं मनाला समजावलं. मन काय, आपलंच असतं, समजतं.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी, बाबांनी खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, 'मुलीला परीक्षेत दिलेल्या यशाबद्दल परमेश्वराचे आभार.'

"रविवारची आठची मिस्सा आपल्यातर्फे," ते म्हणाले. "फादर सुरुवातीलाच वाचतील. पहिल्या बाकावर बसायचं."

घरातलं घरात होतं तोवर ठीक होतं. आता बाबा मिस्सेच्या प्रार्थनेत अख्ख्या चर्चला उभं करून तिच्या खोट्याबद्दल आभार मानायला लावणार होते.

शनिवारी संध्याकाळी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादरांचा खोकला ऐकू आला. तिनं सगळं सांगितलं, जिन्यापासून चिठ्ठीपर्यंत. सांगताना रडूही आलं. पण ते रडू सगळं खरं नव्हतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. ती माफी मागायला थोडी आणि काम करवून घ्यायला जास्त आली होती.

"फादर, उद्या ते वाचलं नाही तर चालणार नाही का? विसरलात असं..."

फादर जाळीकडे सरकले.

"पोरी, इथं ऐकलेलं मी इथून बाहेर नेऊ शकत नाही," ते म्हणाले. "ते वाचायचं टाळलं, तर ते बाहेर नेल्यासारखंच झालं. उद्या चिठ्ठीत आहे ते मी वाचणार. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. तू मात्र त्याआधी बाबांना सांगायचंस. दुसरं काही प्रायश्चित्त देत नाही."

तिची कानशिलं तापली. चिठ्ठीतलं खोटं आहे हे आता जगात दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ती ते वेदीवरून वाचायला लावणार होती. एकटीच्या गळ्यातलं लोढणं तिनं त्या भल्या म्हाताऱ्याच्याही गळ्यात अडकवलं होतं.

घरी आली तर बाबा वर्तमानपत्र पसरून चौघांचे बूट पॉलिश करत बसले होते. आई आत इस्त्री करत होती, धाकटा अंघोळीला. याहून चांगली वेळ कुणी ताटात वाढून दिली नसती.

"बाबा..."

"काय गं?" त्यांनी वर पाहिलं. गालाला पॉलिश लागलं होतं. चेहरा इतका खूश, की त्यावर बोट ठेवायचंही जिवावर यावं.

"काळं पॉलिश पुरेल ना?" थोरलीनं विचारलं.

"पुरेल की. तुझेच आधी केलेत."

ती आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. स्वतःच्या जिभेची तिला किळस आली.

रविवारी पहिला बाक. बाबा कडेला, मग आई, मग धाकटा, आणि भिंतीशी थोरली. फादर आले, वेदीला नमन केलं, चिठ्ठी उचलली आणि वाचली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ती ऐन वेळी त्यांच्याकडे बघायला गेली, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज रोजचाच. नाव नव्हतं, तरी चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांना कळलं, कारण बाबा बाकावर सरळ होऊन मान डोलावत होते. मागून, चर्चमध्ये गाणाऱ्यांचा कोयर सांभाळणाऱ्या कोयरबाईंनी पुढं वाकून थोरलीचा खांदा थोपटला. गावभर पत्रकं वाटायची असतील तर कोयरबाईंना एकदा सांगितलं की पुरे.

मग वेदीपाशी जाऊन ख्रिस्तशरीर, ती पवित्र भाकर, घ्यायची वेळ आली. पहिला बाक आधी उठतो. बाबा उठून रांगेत गेले, आई गेली, धाकटा गेला. मनावर पाप असताना ते घ्यायचं नसतं; थोरली बसून राहिली.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर एकटं बसून राहणं म्हणजे काय, ते बसलेल्यालाच कळतं. मागची माणसं उठून रांगेला लागत होती, आणि प्रत्येकाची नजर तिच्यावर येऊन पटकन दुसरीकडे वळत होती. कुणी विचारत नाही. विचारायचं नसतं. पण ज्या मुलीसाठी मिस्सा, तीच बसलेली.

बाबांनी मागं वळून पाहिलं. हातानं 'चल' केलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तेव्हा ते फादरांच्या दोन पावलं अलीकडून रांग सोडून परत आले आणि तिच्याशेजारी बसले.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. मला नाही जाता येणार."

बाबांचा चेहरा बदलला. काय म्हणायचंय ते त्यांना कळलं. कशाबद्दल ते कळलं नाही.

"मग मीही नाही जात," ते हळूच म्हणाले. "आभार तुझ्यासाठी मानायचे आणि तुला इथं सोडून मी एकटा जाऊन येऊ? बसू दोघं."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो हात तिला सहन झाला नाही.

"बाबा, मी नापास झालेय. केमिस्ट्रीत."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही फोन केलात तेव्हाच."

कोयरचं दुसरं कडवं चाललं होतं. बाबांनी हात सोडला नाही, पण त्यातला जीव गेला.

"म्हणजे रोज संध्याकाळी..." ते म्हणाले आणि थांबले.

"हो."

बाबांनी तिचा हात सोडला. गुडघे टेकून, तोंड ओंजळीत घेऊन बसले, ते शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत. त्यांनी तिथंच एक थोबाडीत दिली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

बाहेर पायऱ्यांवर कोयरबाईंनी गाठलंच. मागं आणखी चार-पाच जणं.

"अभिनंदन हो! एका दमात सगळे विषय! पोरगी बापाचं नाव काढणार!"

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हो, हो," ते म्हणाले. "सगळे विषय. देवाची कृपा."

या माणसाला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या नात्यागोत्यात थट्टेचं होतं. पाहुण्यांना 'घरी नाहीत म्हणून सांगा' म्हटलं तर ते दाराशी जाऊन 'आहेत, पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय' म्हणणारे. तोच माणूस चर्चच्या दारात, मिस्सेला पाच मिनिटं होत नाहीत तोवर, तिच्यासाठी खोटं बोलला होता. तेही इतकं वाईट, की कोयरबाईंचं हसू जागीच अडखळलं.

"नाही मावशी," थोरली म्हणाली. आवाज फाटला, पण थांबली नाही. "मी नापास झालेय. सहा आठवडे घरात खोटं बोलले. बाबांना आत्ता आत सांगितलं."

"अगं बाई!" कोयरबाई म्हणाल्या आणि मागच्यांकडे वळल्या.

आईनं थोरलीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आणि मला आत्ता कळतंय?" ती म्हणाली, आणि पदरानं डोळे न पुसता तशीच उभी राहिली.

बाबा मात्र वळले आणि पायऱ्या चढून पुन्हा आत जाऊ लागले.

"बाबा, कुठं निघालात?"

"फादर अजून आत आहेत. येतोच."

दार उघडंच होतं. थोरलीला सगळं दिसत होतं. बाबांनी फादरांना गाठून काहीतरी विचारलं. फादरांनी मान डोलावली, गळ्यात पापनिवेदनाचा पट्टा घातला आणि जाळीमागं जाऊन बसले. बाबा जाळीच्या अलीकडे गुडघ्यावर बसले. चांगल्या पँटची पर्वा न करता, काल संध्याकाळी ती बसली होती त्याच जागी.

त्या जागी जायला तिला सहा आठवडे लागले होते, आणि तेही आपलं काम काढायला. त्यांना एवढंसं खोटं घेऊन घरापर्यंतही जाववलं नव्हतं. आणि ते खोटंसुद्धा त्यांचं नव्हतं.

धाकट्यानं तिची बाही ओढली. "ताई, बाबांनी काय केलं?"

"काही नाही केलं," थोरली म्हणाली. "माझं आहे ते."

लोक शेजारून उतरून जात होते. खाली बघावं, गर्दीत शिरावं, घरी पळावं असं तिला फार वाटलं. पण ती हलली नाही. बाबा बाहेर येईपर्यंत सगळ्यांच्या देखत तिथंच उभी राहिली.