सावलीचं तिकीट

आमच्या उमरेड रोडवरच्या वाचनालयाला कूलर आहे. तो आवाज देतो, हवा देत नाही. म्हणून मे महिन्यात पुस्तकनिवडीची बैठक अंगणातल्या कडुनिंबाखाली भरते. सावली सरकते तशा खुर्च्या सरकतात. ठराव सरकलेला मात्र मी फारसा पाहिला नाही.

त्या रविवारी नववीतली सोनिका उभी राहिली. आमचा नियम असा, की पुस्तक सुचवणाऱ्यानं गोष्ट अर्ध्यापर्यंत सांगायची, शेवट सांगायचा नाही. सभेला पटलं तर पुस्तक घ्यायचं. ती सुचवत असलेली कादंबरी तिनं मामाकडे वाचली होती. वाचनालयानं घेतली, तरच ती तिच्या मैत्रिणींच्या हाती पडणार होती.

"त्या शहरात एकच झाड उरलं राहते," ती म्हणाली. "सावलीत बसाले तिकीट लागते. एक पोरगी बिनातिकिटाची बसते, तर तिले पकडतात."

अध्यक्ष मनोहरराव, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी चष्मा काढला. म्हणजे नकार.

"पोरायले असं भयानक काहून वाचाले द्यायचं? असं कधी होते का?" असं म्हणत त्यांनी खुर्ची सावलीकडे ओढली.

"आबाजी, पुस्तकात नं, सावली सरकली का नवीन तिकीट लागते."

मनोहररावांचा हात खुर्चीवरच थांबला. मी कडुनिंबाची पानं बघत बसलो. जन्मभर वर्तमानपत्राच्या सदरातून लोकांना चिमटे काढून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसानं अशा वेळी हसू नये.

"मंग त्या पोरीचं काय होते वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्धी झाली गोष्ट. नियम तुमचाच आहे."

"अध्यक्षाले तर सांगता येते."

"अध्यक्षाले तर बिलकुलच नाही," ग्रंथपाल वंदनाबाई मागून म्हणाल्या. "तुम्ही साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरसान."

मनोहररावांनी चष्मा परत घातला. ठराव सरकला.

जूनच्या सुरुवातीला पुस्तक आलं. ऊन तेच होतं. नंबर लावायला सोनिकाच्या मैत्रिणींची कडुनिंबाखाली रांग लागली आणि शेपटाला, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून मनोहरराव.

"अध्यक्षांना कसली रांग?" मी म्हटलं.

"पोरायचं पुस्तक आहे ना गा."

सोनिकानं मैत्रिणींना दाटीवाटीनं सरकवलं. "या आबाजी, इकडे सावलीत या. तिकीट नाही लागत."

मनोहरराव आले. पण शपथेवर सांगतो, आधी त्यांनी खिसा चाचपला.