सवतीची पुतळी

माझ्या आजीच्या नथीत एकदा तापीतला मासा अडकला होता. नथ केवढी, मासा केवढा, ते विचारू नका. प्रकाशा गावच्या घाटावर चार बायांनी मिळून ओढला तेव्हा कुठे आजीचं नाक सुटलं. माझी नात हेतल हे ऐकून पोट धरून हसते आणि म्हणते, "आजी, खोटं बोलस तू!"

बोलते. कोणाचं काय जातं?

हेतल माझ्या रमिलाची पोर. रमिला दुखण्यात गेली तेव्हा ही एवढीशी. जावई मगन पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात आहे. पोरीला बघायला कोणी हवं म्हणून दुसरं लग्न कर असं मीच त्याला म्हटलं. रविना आली. आमच्यात दुसरीच्या गळ्यात पहिलीची पुतळी घालतात. नखाएवढी चांदीची बाई. सणावाराला आधी तिला हळदकुंकू, मग स्वतःला. आणि दुसरीला माहेरही पहिलीचंच लागतं. म्हणून रविना मला माय म्हणते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माझ्याकडे येते.

औंदा आली ती गळ्याभोवती पदर गुंडाळून. बाहेर ऊन असं की माझ्या अंगणात चिमण्या पापडासारख्या भाजून निघत होत्या.

"काय व, मगनना घरमा बरफ पडस का?" मी म्हटलं.

हसली नाही. पदर काढला. पुतळी जिथे टेकते तिथे कातडी लाल, फुटलेली, पाणी येत होतं. साखळीच्या रेघेरेघेनं तेच.

शेजारची मंगलाबाई दारातूनच म्हणाली, "रमिला बसनी शे हिना गळावर. दुसरं काय?"

"तू घर जाय व," मी म्हटलं. ती गेली, पण बोलायचं ते बोलून गेली.

रविना खाली बघत म्हणाली, "तठे बी समदा हाईच म्हणतस, माय. तिले मन्हा राग शे. मी पुतळीले मांगून नेलपॉलिश लायं, फडकं बांधं. काहीच चालत नही."

"मंग काढी ठेव ना!"

"काढू?" तिनं हेतलकडे पाहिलं. "मंग हिनी माय कोठे जाई?"

हेतल भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. हळूच म्हणाली, "आजी, मन्ही माय रागमा शे का?"

मी रविनाची हनुवटी धरून गळा उजेडाकडे केला. ही कातडी मी आधी पाहिली होती. रमिलाचे कान असेच व्हायचे. सारंगखेड्याच्या यात्रेतून डूल आणावेत, संध्याकाळी कानाची जिलबी. पोर रडायची. मी सांगायची, तू जन्मली तेव्हा चंद्र तापीत पडला होता, मी हांडीत धरून घरी आणला, तुला त्याचीच चांदी चालते, दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी रविनाला घेऊन शहाद्याला नजीरभाईकडे गेले. आमचं चांदीकाम त्याच्या बापापासून तिथेच. त्यानं पुतळी कसोटीवर घासली, जिभेनं चक् केलं.

"तापीबाई, ये चांदी नही. गिलट शे. दिसायला चांदी, आत निकेल. घाम लागला की सुटतं. कोणाला काही होत नाही, कोणाची चमडी जळते."

मगननं ती जत्रेतून तयार घेतली होती. रडणाऱ्या माणसाला गिलट कुठलं ओळखू येतं. जिला जन्मभर हे सोसलं नाही, तिचीच पुतळी आम्ही त्याची केली.

"मग स्टीलची करू?" मी विचारलं.

"स्टीलमा बी थोडं निकेल ऱ्हास. वन ग्राम सोन्याचा मुलामा घामानं उतरतो, खाली काय निघेल सांगता येत नाही. हिला अस्सल चांदी द्या, नाहीतर अस्सल सोनं. और सुनो, पुतळी मरनेवालीच्याच दागिन्याची लागते ना तुमच्यात? आहे काही तिचं?"

रविना म्हणाली, "काही नही. समदं दवाखानामा गयं."

होतं. माझ्या तांदळाच्या डब्यात, तळाशी. रमिलाचे बाळपणीचे वाळे, नजीरभाईच्या बापानं घडवलेले. कोणाला माहीत नव्हते. घरात कोणी नसलं की मी ते काढून नुसते वाजवायचे.

त्या आठवड्यात तांदूळ तीनदा उपसला आणि तीनदा भरला. मग नेऊन दिले.

नजीरभाईनं ओळखले. तराजूत टाकून बघितले. "पुतळीला एक पुरतो, तापीबाई. एक घेऊन जा."

मी एक उचलला. पिशवीत टाकला. दारापर्यंत गेले.

"साखळी कशाची करशील?" मी विचारलं.

जुनी साखळीही गिलटचीच होती. मी परत आले आणि दुसराही मुशीत ठेवला. घुंगरू जरासे वाजले. मग विस्तव फुलला आणि वाजायचं थांबलं.

पावसाळ्यात दोघी आल्या. रविनाचा गळा कोरडा, नुसता फिका डाग. नवी पुतळी जुनीपेक्षा जरा जाड, घामानं चमकत होती. हेतलनं ती बोटानं उलटीपालटी करून पाहिली.

"आजी, हाई चांदी कोठून आणी?"

"तुन्ही मायना पायमातली शे. ती बारकी व्हती ना, तवयना वाळा."

"केवढा?"

मी बोटांचं कडं करून दाखवलं. तिनं ते आपल्या घोट्याला लावून पाहिलं. त्यात तिचं पाऊल शिरेना. ती खदाखदा हसायला लागली.

"इतला बारका पाय ऱ्हास का कोना? आजी, खोटं बोलस तू!"

रविनानं पुतळी मुठीत धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला मान हलवली, राहू दे म्हणून.

"हाव व," मी म्हटलं, "खोटं बोलनू. खरं सांगू? तुन्ही माय जन्मनी त्या दिवशी चंद्र तापीमा पडना."

हेतल सरकून मांडीशी आली.

"मंग?"

"मंग काय? मी हांडी लिधी, आनि पाणीमा उतरनू."