गुलाबी चिठ्ठी

"कागद घेऊन ये," नंदकिशोर फोनवर म्हणाला. "त्याबिगर लाइन सुरू होत नसते."

"काका, काम झालं ना! तार जोडली, फांद्या बाजूले केल्या. आता माह्या घरच्या ओसरीत बसून तुमच्याशी बोलून राह्यलो." पलीकडून लाइनमन डोमाजी बोलत होता. "आभाळ पुन्हा भरून राह्यलं. कागद उद्या आणतो."

"मग लाइनबी उद्याच."

"प्रेमलालच्या पोरीचं लगन हाय आज. मांडव अंधारात राहीन."

"म्हणून तर म्हणतो, लवकर निघ."

डोमाजी हसला. "सासऱ्यानंबी माही एवढी वाट नाही पाह्यली कधी. येतो, येतो."

बैहरच्या डोंगरातल्या त्या छोट्या सबस्टेशनवर नंदकिशोर ऑपरेटर होता. मूळचा रामपायलीचा. धानाच्या बांधावर वाढलेला माणूस नोकरीपायी सरईच्या, म्हणजे सालाच्या, जंगलात आला आणि तीस वर्षं तिथेच राहिला. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. वादळात तार तुटली, की तो त्या बाजूची लाइन बंद करायचा, लाइनमनच्या नावानं गुलाबी चिठ्ठी, म्हणजे परमिट, फाडून द्यायचा आणि मगच माणूस खांबावर चढायचा. काम झालं, की लाइनमननं चिठ्ठीवर सही करून ती परत द्यायची. नियम सगळीकडे हाच. पण पाळतो कोण? फोनवर 'झालं' म्हटलं, की सगळीकडे लाइन सुरू होते.

आठ वर्षांपूर्वी नंदकिशोरनंही तेच केलं होतं. वैशाखातलीच दुपार होती. लाइनमन पुनारामबरोबर गेलेल्या माणसाचा फोन आला, "हो गया, चालू कर दो." यानं लाइन सुरू केली. पुनाराम वर विसरलेली पक्कड घ्यायला पुन्हा खांबावर चढला होता, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. शॉक लागून पुनाराम खांबावरच गेला. चौकशी झाली, दोघांनाही ताकीद मिळाली, प्रकरण मिटलं. नंदकिशोरच्या लेखी ते कधीच मिटलं नाही. तेव्हापासून चिठ्ठी हातात आणि माणूस डोळ्यांसमोर, असा त्याचा हेका. दुधानं तोंड पोळलेला म्हातारा ताक फुंकून पितो, असं लाइनमन म्हणायचे. खुशाल म्हणू दे, असं त्याचं उत्तर असे. त्यानंतर त्याच्या लाइनवर एकही माणूस गेला नव्हता, आणि त्याचा त्याला गुपचूप अभिमान होता.

वादळंही आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. आधी उन्हाळ्यात दोनतीन यायची, मोहाची फुलं झाडून निघून जायची. आता दर तिसऱ्या दिवशी दुपार कलली, की डोंगरामागून काळंभोर काहीतरी वर यायचं. एकदा आलं, की संपलं, असंही नाही. एक ओसरलं, की तासाभरात दुसरं हजर.

त्या दिवशीही दुसरं आलं. साडेपाचला वारा सुटला. आवारातली पत्र्याची शेड थडथडू लागली, गारा पडल्या, आणि घाटाचा रस्ता दिसेनासा झाला. डोमाजीच्या सरईटोल्याहून सबस्टेशन नऊ किलोमीटर, सगळा उतार. नंदकिशोरनं फोन लावला. लागला नाही. 'थांबला असेल कुठेतरी,' त्यानं स्वतःला समजावलं. डोमाजी काही कुक्कुलं बाळ नव्हता. पण हात पुन्हापुन्हा फोनकडे जात होता. येऊ नको, घरीच थांब, एवढंच त्याला सांगायचं होतं.

सातच्या सुमारास फोन वाजला. प्रेमलाल होता, नवरीचा बाप.

"नंदूभाऊ, दुसऱ्या वळणावर सरई पडली. डोमाजी गाडीवर होता. नाही राह्यला."

नंदकिशोर खुर्चीत बसला. कानाशी फोन तसाच होता. एकाच्या वेळी चिठ्ठीची वाट पाहिली नाही म्हणून तो गेला. दुसरा चिठ्ठीपायी गेला. हे कुणाला सांगावं, आणि कोणत्या तोंडानं?

थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. झालेलं त्यांना कळलं होतं, त्यांचाही आवाज जड होता. "नंदकिशोरजी, लाइन क्लियर है। चालू कर दीजिए। पूरा घाट अंधेरे में है।"

"सर, परमिट वापस नहीं आया।"

"अरे भाई, आदमी ही नहीं रहा। परमिट कौन लौटाएगा?"

"मालूम नहीं, सर।"

साहेब रागावले, मग समजावू लागले, मग त्यांनी फोन ठेवला. नंदकिशोर काही हट्ट करत नव्हता. ब्रेकरजवळ जायला त्याचे पाय उठत नव्हते, एवढंच. प्रेमलालच्या पोरीचं लग्न कंदिलांच्या उजेडात, वाजंत्रीशिवाय लागलं. घाटावरच्या बारा गावांनी रात्र अंधारात काढली.

सकाळी आभाळ असं स्वच्छ होतं, जणू काही घडलंच नाही. आठच्या सुमारास फाटकाशी जीप थांबली. डोमाजीला बैहरच्या दवाखान्यात, चिरफाडीला नेत होते. प्रेमलाल जीप चालवत होता, सदऱ्यावर हळदीचे डाग तसेच. मागून सीता उतरली, डोमाजीची बायको. ती सरळ खोलीत आली आणि पदराखालून तिनं एक प्लास्टिकची पिशवी काढली.

"हा तुमचा कागद. खिशात होता. पन्नीत गुंडाळला होता त्याईनं, ओला नाही झाला."

नंदकिशोरनं चिठ्ठी उलगडली. खाली डोमाजीची सही होती, वेळही लिहिली होती, पाच वाजून दहा मिनिटं. निघण्याआधी ओसरीत बसूनच त्यानं सही केली असणार.

"मीच बोलावलं त्याले," नंदकिशोर म्हणाला. "तो नाही म्हणत होता, सीता. मीच ये म्हटलं."

"मले माहीत हाय. मी बाजूलेच बसली होती." सीतेचे डोळे कोरडे होते, रडून रडून कोरडे झालेले. "तुमाले शिवी देल्ली त्याईनं. मंग हसले. म्हणे, म्हाताऱ्याले पुनाराम झोपू देत नाही, जाऊन येतो."

तिनं नंदकिशोरला दोष द्यावा, ओरडावं, असं त्याला फार वाटत होतं. ती ओरडली नाही.

"लावा लाइन," ती म्हणाली. "त्याईचं काम पुरं झालं होतं."

त्यानं रजिस्टर उघडलं. परत करणाऱ्याचं नाव: डोमाजी. मग तो ब्रेकरपाशी गेला आणि मूठ फिरवली. खट्ट आवाज झाला, मीटरचा काटा हलला आणि स्थिर झाला. सीता काट्याकडे पाहत होती. नवरा आयुष्यभर ज्याच्यासाठी खांबांवर चढला, ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

प्रेमलालनं हळूच हॉर्न दिला. सीता दारापर्यंत गेली आणि थांबली.

"घरी ओसरीतला लाइट लागला असन आता," ती म्हणाली. "काल लाइन येईन म्हणून त्याईनं बटन दाबून ठेवलं होतं. बंद करायचं राह्यलं."

जीप बैहरच्या रस्त्याला लागली. नंदकिशोरनं चिठ्ठी पुन्हा त्याच पन्नीत गुंडाळली आणि खिशात ठेवली.